पुढ्यात येईल ते

सावकाश बसा. पाठ ताठ असू द्या, पण ताणू नका. हात मांडीवर राहू द्या. श्वास जसा चालला आहे तसाच चालू द्या. लांबवू नका, मोजू नका.

आज मनातल्या मनात जेवायचं आहे. वेळ फेब्रुवारीतल्या संध्याकाळची, ऊन कलल्यानंतरची. जागा नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या अंगाची. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि त्यांच्या मधोमध एक लहानशी खोली. एकच लांब टेबल, बारा खुर्च्या. समोर उघडं स्वयंपाकघर, तिथे चार-पाच माणसं काम करताहेत. कोणी मोठ्याने बोलत नाही. तुमच्यासमोर एक रुमाल, एक पेला आणि मोकळी जागा. मेन्यू कार्ड नाही.

ही खोली मी मनाने उभारली आहे. तिच्यात जे येणार आहे ते सगळं खरं आहे. या भागात सुला वाइनयार्ड्सने २००५ मध्ये टेस्टिंग रूम सुरू केली, आणि थोडं थोडं, ओळीने, दुसऱ्याने लावलेल्या क्रमाने चव घेण्याची रीत नाशिककरांच्या ओळखीची झाली. आधी बुडबुड्यांची स्पार्कलिंग, मग पांढरी, मग गुलाबी, मग लाल, आणि शेवटी उशिरा तोडलेल्या शेनिन ब्लांक द्राक्षाची गोड वाइन. तीच रीत जेवणाला लावली की टेस्टिंग मेन्यू होतो. मुंबईत महालक्ष्मीच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात ‘मास्क’ हे रेस्टॉरंट २०१६ पासून हेच करतं आहे: निवडायला यादी नाही, आठ-दहा लहान पदार्थ, एकामागून एक. त्याचे पहिले शेफ प्रतीक साधू यांनी पुढे हिमाचलात कसौलीजवळ ‘नार’ नावाचं मोजक्या खुर्च्यांचं घर मांडलं. जपानात चहाच्या समारंभाभोवती वाढलेलं काइसेकी जेवण याच घराण्यातलं. फ्रान्समध्ये या रीतीने १९७०च्या दशकात जोर धरला. स्पेनमधल्या ‘एल बुयी’ या रेस्टॉरंटने ती तीस-तीस, चाळीस-चाळीस घासांपर्यंत नेली आणि २०११ मध्ये आपलं दार लावून घेतलं. एवढी ओळख पुरे. आपण आपल्या टेबलाकडे येऊ.

कार्ड नाही, याकडे लक्ष द्या. हात काही शोधतो आहे का? हॉटेलात बसलं की पहिली दहा मिनिटं आपण यादीतून बोट फिरवत असतो. हे घेऊ की ते, दोघांत एक पुरेल का, मागच्या वेळी इथलं काय चांगलं होतं. ती दहा मिनिटं आज मोकळी आहेत. काही टाळायचं असेल, पथ्य असेल, शाकाहार असेल, तर ते आधीच विचारून झालं आहे. आता ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही. या रिकामपणात बसून पाहा. तो आधी टोचतो. आपण दिवसभर निवडतच असतो: भाजी निवडतो, रस्ता निवडतो, फोनवर काय पाहायचं ते निवडतो. निवडण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की ती थांबली की आपल्या हातातलं काहीतरी कोणी काढून घेतल्यासारखं वाटतं. वाटू द्या.

इथून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली गेलं की पंचवटी लागते आणि तिच्यापुढे टाकळी. समर्थ रामदासांनी तिथे बारा वर्षं तप केलं, असं परंपरा सांगते. सकाळभर नदीच्या पाण्यात उभं राहून जप, आणि मध्यान्ही पंचवटीत मधुकरी. एका दाराशी भाकरीचा तुकडा, दुसऱ्या दाराशी मूठभर भात, तिसऱ्या दाराशी कालवणाचा पळा. कोणत्या घरी काय शिजलं आहे यावर मधुकरी मागणाऱ्याचं काही चालत नाही. झोळीत पडेल ते, पडेल तेवढं. नाशिकच्या भूमीवर निवड न करता, अनेक हातांचं थोडं थोडं जेवण्याचा हा चारशे वर्षांपूर्वीचा पाठ आहे, आणि या टेबलाशी बसताना तो मला पुनःपुन्हा आठवतो.

दोन्हींतलं अंतर मला झाकायचं नाही. तुम्ही पैसे देऊन, दोन-तीन तासांपुरती निवड खाली ठेवली आहे. रामदासांनी ती वर्षानुवर्षं ठेवली, आणि भूक खरी होती. तरीही हाताची रीत तीच आहे: पुढे करायचा, आणि काय पडतं ते पाहायचं. एका संध्याकाळपुरती का होईना, ती करून पाहायला काय हरकत आहे?

आता इथे थोडं जास्त थांबू, कारण निवड खाली ठेवणं या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला सारखं नसतं.

तुम्ही घरात रोज वाढणाऱ्या असाल, तर हा भाग तुमच्यासाठी. सकाळी काय करायचं हा प्रश्न तुम्ही रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सोडवलेला असतो. कोणाला वांगं चालत नाही, कोणाला तिखट सोसत नाही, सासऱ्यांना भात मऊ लागतो, मुलाच्या डब्यात भाजी कोरडी हवी, नणंद येणार आहे तर चार पोळ्या जास्त. तुम्ही रोज निवडता, पण त्या निवडीत तुमची जीभ कुठे असते? सगळ्यांची पानं झाल्यावर, कढईला लागलेली भाजी भाकरीने पुसून घेत, उभ्यानेच किंवा ओट्याला टेकून, अशी किती जेवणं झाली असतील. मोजू नका. फक्त ती चव आठवा: निवलेली, कडेला थोडी करपलेली. आपल्याला स्वतःला काय आवडतं, असं कोणी एकदम विचारलं तर अशी बाई क्षणभर गोंधळते. मी अशा बायकांमध्येच वाढले आहे, आणि हा गोंधळ मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

आज त्या खुर्चीत तुम्ही आहात. समोरच्या स्वयंपाकघरात कोणीतरी सकाळपासून तुमच्या घासाचा विचार केला आहे. कशानंतर काय यावं, काय गरम यावं, काय गार, हे तुमच्यासाठी ठरलं आहे. प्रत्येक पदार्थ तुमच्यापुढे ताजा ठेवला जाणार आहे, आणि तो निवायच्या आत तुम्हाला कोणीही हाक मारणार नाही. गॅस बंद केला होता का, हे आठवेल. आठवू द्या. ताटली उचलायला हात पुढे जाईल. तो पाहा, आणि मांडीवर परत ठेवा. उठायचं नाही. असं जेवण एखाद्या बाईला आयुष्यात एकदा मिळालं, तरी या सगळ्या खटाटोपाचं सार्थक झालं, असं मी मानते.

पहिलं येतं ते पाणी.

पेला उचला. हे पाणी ब्रह्मगिरीवर पडलेल्या पावसाचं आहे. त्र्यंबकहून खाली आलं, गंगापूर धरणात थांबलं, आणि तिथून या शहराच्या नळांत आणि या बागांच्या ठिबकच्या नळ्यांत गेलं. ताटलीत पुढे जे येईल त्या प्रत्येकात ते आहे. एक घोट घ्या. तो घशाखाली उतरल्यावर कुठवर जाणवतो ते पाहा.

मग एक लहान ताटली, तिच्यात द्राक्षाचे तीन मणी. एवढंच. आधी त्यांच्याकडे पाहा. एक मणी लांबट, पिवळसर हिरवा, काचेसारखा. हा थॉमसन सीडलेस, तुम्ही बाजारात किलोने घेता तो. दुसरे दोन काळे-जांभळे, वाटाण्याहून थोडे मोठे, अंगावर पांढरट थर. हे शिराझ, वाइनचं द्राक्ष. तो थर पुसू नका.

थॉमसनचा मणी आधी. दाताखाली तो कडकन फुटतो आणि तोंडभर पाणी होतं. साल कुठे गेली ते कळतही नाही. गोडी येते आणि लगेच निघून जाते. आता शिराझ. हा फुटत नाही, दबतो. साल जाड आहे, बिया आहेत. गोडी जास्त आहे, पण तिच्यामागून साल चावताना जिभेवर आणि हिरड्यांवर तुरटपणा पसरतो, आणि तो बराच वेळ जात नाही. घाईने गिळू नका. तुरटपणा किती वेळ टिकतो, कुठून ओसरायला लागतो, ते पाहत राहा. लाल वाइनचा रंग आणि तिची पकड याच सालीतून येते. म्हणूनच वाइनच्या बागेत मणी लहान हवा असतो, रसाच्या मानाने साल जास्त मिळावी म्हणून. खाण्याच्या द्राक्षाच्या बागेत हवं असतं त्याच्या अगदी उलट: मणी फुगावा, साल पातळ राहावी.

तिसरा मणी हातात धरा, खाऊ नका. हे मणी इथे कसे आले ते मनात आणू.

जिल्ह्यातली द्राक्षशेती जुनी. ओझरला १९२५च्या सुमारास ती सुरू झाल्याचं सांगतात. थंड देशांत वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो आणि वसंतात जागा होतो. आपल्याकडे त्याला झोपवणारी थंडी नाही. मग ते काम कात्री करते. एप्रिलमध्ये, तोड संपल्यावर, खरड छाटणी: वेल जवळजवळ उघडा करतात, नव्या काड्या येऊ देतात. ऑक्टोबरच्या आसपास पुन्हा छाटणी, ही फळाची, गोडी छाटणी. वर्षातून दोनदा कापायचं आणि पीक एकदाच घ्यायचं. मधल्या पावसाळ्यात वेल फळाशिवाय उभा असतो, काडीच्या डोळ्यांत पुढचा घड घडत असतो, आणि शेतकरी भुरी, डाउनी या रोगांवर फवारे मारत बागेत फिरत असतो.

पुढे घड लागले की खाण्याच्या द्राक्षाचं थिनिंग. हे काम मी जवळून पाहिलं आहे. मांडवाखाली बाया उभ्या असतात, मान वर, हात वर, हातात बारीक टोकाची कात्री. घडातले मणी ज्वारीएवढे असताना त्यातले निम्म्याहून जास्त कापून खाली टाकायचे. कोणता ठेवायचा, कोणता काढायचा, याला विचार करायला सवड नसते, बोटं ठरवतात. खाली मातीवर हिरव्या मण्यांचा सडा पडतो. पाहणाऱ्याला हळहळ वाटते, बाईला वाटत नाही, कारण सगळे ठेवले तर एकही नीट भरणार नाही हे तिला ठाऊक आहे. या मजुरांपैकी कितीतरी जण पेठ, सुरगाण्याच्या डोंगराळ भागातून आलेले असतात. संध्याकाळी त्यांच्या माना आणि खांदे भरून आलेले असतात. मग डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरतो, तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून माणसं रात्री उठून बागेत शेकोट्या पेटवतात. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळ भरून आलं, गारा पडल्या, तर एवढं सगळं अर्ध्या तासात जमिनीवर येतं.

आता हा तिसरा मणी तोंडात ठेवा. चावण्याआधी क्षणभर तो जिभेवर नुसता असू द्या.

मधे थोडा वेळ जातो. पुढचा पदार्थ लगेच येत नाही. या मधल्या वेळेचं काय करायचं हे आपल्याला शिकवलेलं नाही, कारण आपलं पान सगळं एकदम मांडलेलं असतं. डाव्या बाजूला चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भाताची मूद. त्यालाही क्रम आहे: वरणभात-तुपाने सुरुवात, मग पोळी, मग मसालेभात, शेवटी ताकभात. पण तो क्रम आपल्या हातात असतो. पोळीच्या घासाला चटणी की कोशिंबीर, हे बोटं ठरवतात. फ्रेंच श्रीमंतांच्या टेबलावरही एके काळी सगळे पदार्थ एकदम मांडत. एकामागून एक वाढण्याची रशियन पद्धत तिथे एकोणिसाव्या शतकात रुजली. दोन्ही रीती माणसांनीच शोधल्या आहेत आणि मला दोन्ही प्रिय आहेत. पानावर सगळं एकत्र नांदतं. इथे प्रत्येक पदार्थ एकटा येतो, आणि त्याच्यामागे शांतता येते.

त्या शांततेत फोनकडे हात जाईल. जाऊ देऊ नका. जिभेवर मागचं काय उरलं आहे ते पाहा.

थोडं थोडं वाढण्यामागे शरीराचं एक साधं वागणं आहे. संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ते प्रयोगाने दाखवलं: एकच पदार्थ खात राहिलं की त्या पदार्थातली गोडी कमी होत जाते, पण न खाल्लेल्या पदार्थाची ओढ तशीच राहते. पुरणपोळीने तृप्त झालेला माणूस मठ्ठ्याला नाही म्हणत नाही, हे आपल्या पंगतींना आधीपासून माहीत होतं. पहिल्या दोन-तीन घासांत जे असतं ते पुढच्या वीस घासांत नसतं. इथला स्वयंपाकी ते पहिले दोन-तीन घास तेवढे वाढतो आणि थांबतो. थांबणं हीच त्याची कला आहे, आणि ती सोपी नाही.

पुढे कांदा.

एकच कांदा, निखाऱ्यात सालीसकट भाजलेला. वरच्या दोन पापुद्र्यांचा कोळसा काढून टाकला आहे, आतला गाभा अर्धा कापून ठेवला आहे, वर मिठाचे दोन खडे आणि शेंगदाण्याचं तेल. वास घ्या. कच्च्या कांद्याचा डोळ्यांत पाणी आणणारा उग्रपणा आचेने गेला आहे. तो उग्रपणा गेला की खालची साखर जिभेला कळते; ती आधीपासून तिथेच होती. एक पापुद्रा सुटा करा. कडा तपकिरी, मधे दुधी आणि पारदर्शक. जिभेवर ठेवला की तो चावावा लागत नाही.

हा लासलगावच्या बाजूचा उन्हाळ कांदा आहे. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला कांदा चाळीत महिनोन्‌महिने टिकतो. मागच्या उन्हाळ्यातला हा, चाळीतला अगदी शेवटचा. तो काढताना बाया ओळीने बसतात, पात कापतात, आणि डोक्यावर ऊन असतं. मग ट्रॅक्टरची ट्रॉली, बाजार समितीतली रांग, लिलाव. व्यापारी ट्रॉलीशी येतात, दोन कांदे उचलतात, दाबून पाहतात, भाव पुकारला जातो, आणि पुढच्या ट्रॉलीकडे जातात. वर्षभराच्या कष्टाचा निकाल मिनिटभरात लागतो. एखाद्या वर्षी तो इतका वाईट लागतो की काढणीचा आणि गाडीभाड्याचा खर्चही सुटत नाही.

तुमच्या ताटलीतल्या या अर्ध्या कांद्याचे पैसे, आणि त्या ट्रॉलीतल्या कांद्याचा भाव, दोन्ही मनात एकदम धरून पाहा. यातून अपराधी वाटून घेऊन घास खाली ठेवला तर त्या शेतकऱ्याला काहीच मिळत नाही. पण विसरून खाल्लं तर घासही पुरता मिळत नाही. मी स्वतः या प्रश्नाचं उत्तर काढू शकलेले नाही. इतकं मात्र मला पक्कं वाटतं: जे स्वयंपाकघर कांदा कोणाच्या शेतातून आला हे नावाने सांगू शकतं, आणि त्याला बाजारभावापेक्षा बरा भाव देतं, त्यालाच असा कांदा ताटलीत एकटा ठेवायचा अधिकार आहे. ‘स्थानिक’ हा शब्द आता फार स्वस्त झाला आहे. तो ऐकला की शेत कोणतं, एवढं विचारावं.

यानंतरचे पदार्थ आपण भराभर पाहू. काळ्या मसाल्याचा रस्सा, वाटीभरही नाही, दोन घोट. मिसळीच्या गावात तो नसता तर मला रुखरुख लागली असती. कोळशावरचं वांगं. धरणातल्या माशाचा तुकडा, आणि शाकाहारी पानावर त्या जागी गवारीची कोवळी शेंग. सगळं छान आहे. प्रत्येकाला मन देत बसलं तर मन थकतं, आणि थकलेल्या मनाने घेतलेली चव कामाची नाही. जे नुसतं चांगलं आहे ते चांगलं म्हणून खावं आणि पुढे जावं.

वाइन घेत असाल तर ती थोडीच ओतलेली आहे, पेल्याचा तळ झाकेल एवढी. पेला देठाशी धरा म्हणजे हाताची ऊब लागणार नाही. आधी वास, मग घोट, आणि घोट तोंडात असताना नाकाने श्वास सोडा. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग या मागच्या वाटेने नाकातच कळतो. वाइन घेत नसाल तर कोकमाचं किंवा आवळ्याचं पाणी मागा आणि त्याच्याबाबतीतही हेच करा. त्यात काही कमी पडत नाही.

आणि मग नागली.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या उतारांवर जिथे भाताची खाचरं बसत नाहीत तिथे नागली आणि वरई होते. उन्हाळ्यात राब, म्हणजे रोपाची जागा, भाजायचा, पहिल्या पावसात त्यात रोप टाकायचं, मग आषाढात भर पावसात वाकून एकेक रोप उतारावर लावायचं. वरई कांडली की तिची भगर होते आणि ती आपल्या उपासाच्या ताटात येते. नाशिकात भगरीच्या गिरण्या आहेत. नागली मात्र कित्येक वर्षं गरिबाचं धान्य म्हणून बाजूला राहिली. घरात पाहुणा आला की भाकरी झाकून ठेवायची आणि तांदूळ काढायचे, असं करणारी माणसं मला माहीत आहेत. आज ती या टेबलावर आली आहे: पापडाएवढी पातळ, तव्यावर कडक केलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि लसणाची ओली चटणी.

हाताने मोडा. मोडताना आवाज येईल. रंग ओल्या मातीचा. पहिला घास कोरडाच घ्या. नागली जिभेला लगेच काही देत नाही. आधी किंचित खरखरीत, मग चावत राहिलं की मागून एक भाजकी गोडी येते. आठ-दहा वेळा चावल्याशिवाय ती येतच नाही. म्हणून चावा. लोणी नंतर.

मघाशी ज्या बाईच्या कात्रीने घडातले मणी विरळ केले, तिच्या घरी आज रात्री हीच भाकरी असेल, जाड, चुलीवरची, बरोबर उडदाचं किंवा कुळथाचं कालवण. तुमच्या ताटलीच्या दोन टोकांना, द्राक्षाला आणि नागलीला, एकाच डोंगराच्या माणसांचे हात लागलेले आहेत. हे नुसतं माहीत असणं वेगळं, आणि भाकरी तोंडात असताना त्या हातांची आठवण असणं वेगळं. ही आठवण घेऊन शेवटचा तुकडा खा.

आता पोटाकडे लक्ष न्या. एवढ्याएवढ्याशा ताटल्यांनी काय होणार, असं सुरुवातीला वाटलं होतं का? हात पोटावर ठेवा. भूक कुठे गेली? ती कधी गेली ते कळलं का? बहुतेकांना कळत नाही, कारण रोज आपण ती वेळ ओलांडून पुढे गेलेलो असतो. आज मधे मधे थांबल्यामुळे ती दिसण्याची शक्यता आहे. अजून एक गोड पदार्थ येईल, छोटासा, आणि शेवटी ताक. ताकाने शेवट करणाऱ्या स्वयंपाक्यावर माझा जीव जडतो.

खर्चाचंही बोलू. असं जेवण माणशी काही हजारांत जातं. ही चैन आहे, तिला दुसरं नाव देऊ नये. वर्षातून दोनदा-तीनदा जाण्याची ही जागा नाही, आणि जो मिरवायला जातो, प्रत्येक ताटलीचा फोटो काढून मगच चमचा उचलतो, त्याचे पैसे वाया गेले असं मी स्वच्छ म्हणेन. पण आयुष्यात एखाददा, आईला घेऊन, किंवा ज्या बहिणीने वर्षानुवर्षं सगळ्यांना वाढलं तिला घेऊन, कोणी असं जेवायला गेलं, तर मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. आणि ज्याला ते परवडत नाही त्याने यातलं पाहणं तेवढं घ्यावं. त्याला टेबलही लागत नाही आणि बिलही येत नाही. द्राक्षाचा एक मणी आणि नागलीची एक भाकरी नाशिकात कोणालाही मिळते.

डोळे मिटले असतील तर उघडा. उठण्याआधी शेवटचं एक काम राहिलं आहे. बारा माणसं, दहा पदार्थ, म्हणजे एकशेवीस ताटल्या, पेले आणि चमचे वेगळे. त्या उघड्या स्वयंपाकघराच्या मागे एक दार आहे, आणि दारामागे मोरी आहे. तिथे कोणीतरी संध्याकाळपासून उभं आहे. अशा ठिकाणी खरोखर जाल, तेव्हा निघताना यजमानांना विचारा, आत सगळ्यांना भेटता येईल का. लहान जागेत ते सहसा जमतं. शेफला भेटालच, भांडी घासणाऱ्या माणसालाही नमस्कार करा, आणि आज काय आवडलं ते पदार्थाचं नाव घेऊन सांगा.